बोटातला थेंब की शिरेतलं रक्त? हिमोग्लोबिन मोजायची पद्धत निवडताना

दिवाळी उलटली की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक महिला मंडळाचा नाहीतर शाळेचा: ‘तीनशे जणींचं एचबी (हिमोग्लोबिन) एका दिवसात करायचंय, कुठलं मशीन घेऊ?’ दुसरा एमडी नाहीतर पीएचडी करणाऱ्याचा: ‘सर, प्रबंधासाठी किशोरवयीन मुलींचा ॲनिमिया मोजायचाय, कुठलं मशीन घेऊ?’ प्रश्न तोच, पण उत्तर एक नाही. मी मूळचा लॅब टेक्निशियन, आता सर्व्हेला जाणाऱ्या मुलामुलींना रक्त घ्यायला शिकवतो. दोघांनाही मी आधी एवढंच विचारतो की रक्त कुठून घेणार? मशीनचं नंतर बघू.

हा प्रश्न किती महाग पडू शकतो हे आपल्याच देशाने पाहिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत पाच वर्षांखालची ५८.६ टक्के मुलं ॲनिमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेली, निघाली. २०१९-२१ च्या फेरीत हाच आकडा ६७.१ वर गेला. १५ ते ४९ वयाच्या बायकांचा ५३.१ वरून ५७ झाला. लोहाच्या गोळ्या वाटून आकडा वाढतो कसा, यावर बरंच लिहिलं गेलं. पण याच सुमारास, २०१६-१८ मध्ये, समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणही झालं आणि त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ॲनिमिया ४१ टक्के भरला. वयोगट तंतोतंत एक नाहीत हे खरं. पहिल्या सर्वेक्षणात सहा महिन्यांपासूनची बाळं आहेत आणि त्या वयात रक्त कमीच असतं. पण तेवढ्याने ही दरी बुजत नाही. मोठा फरक रक्त घेण्यात होता: पहिल्यात बोटातला किंवा टाचेतला एक थेंब छोट्या मीटरवर, दुसऱ्यात शिरेतलं रक्त प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनवर. पुढे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून ॲनिमिया वगळला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे शिरेतल्या रक्तासह सोपवला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित मशीन यांनाच पसंती दिली.

अर्ध्या ग्रॅमने काय होतं?

एचबी मोजतात ते शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम, असं. ‘अर्ध्या ग्रॅमचा फरक, त्यात काय एवढं!’ असं मला डॉक्टरही म्हणालेत. म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे माझे, हिशेबापुरते. समजा एका तालुक्यातल्या बायकांचं खरं सरासरी एचबी १२.५ आहे, बहुतेकींचं त्याच्या आसपास, आणि पसारा म्हणजे प्रमाण विचलन १.३. गरोदर नसलेल्या बाईसाठी रेघ १२ ची, त्याखाली ॲनिमिया. मग साधारण ३५ टक्के बायका रेघेखाली येतील. आता मोजण्यात प्रत्येकीचं अर्धा ग्रॅम कमी आलं असं धरा. टक्केवारी थेट ५० होते. बायका त्याच, रक्त तेच.

दुसरी चूक याहून लबाड. मीटर कुणाचं जास्त दाखवतं, कुणाचं कमी, सरासरी मात्र बरोबर येते. ही डुगडुग एक ग्रॅम प्रमाण विचलनाची धरली तर ३५ टक्क्यांचे ३८ होतात, फारसं बिघडत नाही. पण आठ ग्रॅमच्या खाली किती, हे पाहिलंत तर दहा हजारांत तीन जणी हव्या होत्या तिथे याच डुगडुगीने तीसएक दिसायला लागतात. दहापट! गंभीर रुग्णांसाठी खाटा, रक्ताच्या पिशव्या ठरवणाऱ्याला हा आकडा दिला तर काय होईल बघा. सरासरी जुळली म्हणून पद्धत चांगली, असं समजणाऱ्यांनी हे एकदा कागदावर करून पाहावं.

मोरचूद, साहली आणि चिमटा

यांचं थोडक्यात. रक्तदान शिबिरात निळ्या पाण्याची बाटली पाहिली असेल. ते मोरचुदाचं ठरावीक घनतेचं द्रावण, १.०५३ चं. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला तर एचबी साडेबाराच्या वर, तरंगला तर खाली. रक्त द्यायला चालेल की नाही, एवढं ते पटकन आणि स्वस्तात सांगतं. आकडा देत नाही, तेव्हा तुमच्या कामाचं नाही.

साहलीची नळी अजून कित्येक ठिकाणी आहे. त्या स्विस डॉक्टरचं नाव आपल्याकडे आशाताईंपासून सगळ्यांना पाठ. काचेच्या नळीत पातळ आम्ल, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंबथेंब टाकून शेजारच्या तपकिरी काचेच्या रंगाशी जुळवायचं. दहा मिनिटं कोणी थांबत नाही ही पहिली अडचण. रंग जुळला हे डोळ्याने ठरवायचं ही दुसरी. ढगाळ दिवशी, ट्यूबलाइटखाली, तिसऱ्या तासाला तोच माणूस वेगळा आकडा देतो. शिवाय तुलनेची काच वर्षानुवर्षांत फिकी पडलेली. प्रशिक्षणात मी एकच नमुना आठ जणांना देतो आणि आठ आकडे फळ्यावर लिहितो, पुढे काही बोलावं लागत नाही. निवडीच्या यादीतून साहली काढून टाका.

बोटाला चिमटा लावून न टोचता एचबी सांगणारी यंत्रंही आहेत. ऑपरेशन थिएटरमध्ये चढउतार पाहायला ठीक. पण एकेका माणसाच्या बाबतीत एक ग्रॅमहून जास्त चुकू शकतात, म्हणून रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायला मी वापरणार नाही.

बोटातला थेंब

खरी लढत आता. हातात मावणारं मीटर, थेंब भरायचा छोटा प्लॅस्टिकचा क्युव्हेट नाहीतर पट्टी, मिनिटभरात आकडा. लॅब नको, फ्रिज नको, बॅटरीवर चालतं. बाईला तिथल्या तिथे सांगता येतं. शिबिरात यापेक्षा सोयीचं काही नाही, हे मान्य. आणि चांगल्या मीटरचा स्वतःचा दोष फार नसतो. त्याच मीटरवर शिरेतलं रक्त ठेवलं की आकडा मोठ्या मशीनच्या बराच जवळ जातो. घोळ होतो तो बोटापाशी.

डिसेंबरातली सकाळ, आठ वाजलेत. बाई धुणं आटोपून गार हातांनी आलेली. खुरपणी करून बोटाची कातडी जाड झालेली. टोचणी वरच्यावर लागते, रक्ताचा ठिपका येतो न येतो. मागे रांग चाळीस जणींची. मग टोचणारी मुलगी बोट मुळापासून टोकापर्यंत पिळते, म्हशीची धार काढावी तसं. थेंब भरतो खरा, पण त्यात रक्ताबरोबर कातडीखालच्या पेशींच्या मधल्या जागेतलं पाणीही उतरतं. आकडा खाली येतो. कधी याच्या उलटंही होतं, आकडा जास्त येतो. दिशा ठरलेली नसल्यामुळे नंतर घरी बसून ‘सगळ्यांत अर्धा मिळवा’ असं करून भागत नाही. मी स्वतः एका शिबिरात एकाच बाईच्या दोन बोटांवर ९.६ आणि ११.२ पाहिलेत. नंतर शिरेतून घेतलं तर ११.४ आलं. पहिलंच बोट घेऊन थांबलो असतो तर तिला सौम्यऐवजी मध्यम ॲनिमियात नेऊन बसवलं असतं.

थेंबच घ्यायचा असेल तर असा घ्या. हात कोमट पाण्यात धुवून, कोरडा करून, जरा वेळ खाली सोडायला सांगा. मधलं किंवा अनामिका बोट, टोकाच्या मधोमध नाही, जरा बाजूला. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. टोचणी पुरेशी खोल हवी, त्यात दया दाखवू नका, नाहीतर दोनदा टोचावं लागतं. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसायचे, तिसरा मोठा थेंब आपसूक आला पाहिजे. क्युव्हेट एका दमात भरायचा, आत बुडबुडा दिसला तर टाकून द्यायचा. पुन्हा टोकाने भर घालायची नाही. काही क्युव्हेटमधली रसायनं हवेतला ओलावा ओढतात. कोकणात पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं टाकून चहाला गेलात तर उरलेली डबी वाया, आणि गंमत म्हणजे मीटर तरीही आकडा देत राहतं.

शिरेतलं रक्त

इथे आकडा पक्का, व्याप मोठा. रक्त काढणारा सराईत माणूस हवा. गावात ‘नळी भरून रक्त नेतात’ म्हटल्यावर निम्म्या जणी मागे सरतात. दोन-तीन मिलिलिटर म्हणजे अर्धा चमचा, हे चमचा हातात धरून दाखवल्यावर पुष्कळशा परत येतात, हा माझा अनुभव. लहान मुलांचं मात्र अवघडच. रडं, आईची घालमेल, न सापडणारी शीर.

चुका इथेही आहेत, पण त्या शिकवून सुटतात. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त आवळून ठेवला तर रक्त दाट होऊन आकडा वाढतो. आडवं पडलेल्या माणसाचं एचबी थोड्या वेळाने उतरतं, म्हणून सगळ्यांचं बसवूनच घ्या, पाच-दहा मिनिटं टेकू देऊन. जांभळ्या टोपणाची नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, खळखळवायची नाही. हे राहिलं की गुठळी होते आणि नमुना फुकट. साध्या तापमानाला एचबी चोवीस तास टिकतं, तेव्हा संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला पाठवलं तरी चालतं. फक्त बर्फाला चिकटवून गोठवू नका.

मोबदल्यात काय मिळतं? सीबीसीचा, म्हणजे सगळ्या रक्तपेशींच्या मोजणीचा, पूर्ण कागद. लाल पेशींचा आकार लहान आणि संख्या मात्र भरपूर असेल तर लोहाच्या गोळ्या देत बसण्याआधी थॅलेसेमिया मायनरची (रक्तातल्या आनुवंशिक दोषाची) शंका घ्यायला हवी. पेशी मोठ्या असतील तर बी-१२ कडे बघायचं, आणि शाकाहारी घरांत ते वरचेवर दिसतं. मीटर फक्त ‘कमी’ म्हणतं, का कमी ते सांगत नाही. विदर्भात नाहीतर नंदुरबारकडे काम करणार असाल तर सिकलसेलची चाचणी वेगळी लावावी लागेल, सीबीसीवर विसंबू नका. लॅब निवडताना दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: रोज सकाळी कंट्रोल रक्त, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, चालवता का, आणि बाहेरच्या गुणवत्ता योजनेतून तपासायला नमुने येतात का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी लॅब बघा.

एक मधला रस्ताही आहे आणि तो लोकांना सुचत नाही. मोठं मशीन साठ किलोमीटरवर असेल तर रक्त शिरेतूनच काढा, नळी नीट मिसळा, तिच्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घ्या आणि हातातल्या मीटरवर मोजा. बोट पिळण्याची भानगडच गेली. पैशाला आणि खरेपणाला, दोन्हीला परवडणारा हाच मार्ग, असं माझं मत.

मग तुम्ही काय घ्यायचं?

महिला मंडळ असाल तर बोटातला थेंब चालेल, एका अटीवर: ही चाळणी आहे हे सगळ्यांना माहीत हवं. जिचं दहाच्या खाली येईल तिचं त्याच दिवशी शिरेतून रक्त घेऊन सीबीसीला पाठवा. साडेअकरा ते साडेबाराच्या काठावर असणाऱ्यांना ‘तुम्हाला ॲनिमिया आहे’ किंवा ‘नाही’ असं काहीच सांगू नका, सवडीने सीबीसी करायला सांगा. गरोदर बाई किंवा दम लागणारी बाई आकडा काहीही असो, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ द्या. आणि शिबिराची टक्केवारी काढून पेपरला बातमी देऊ नका. ‘गावातल्या सत्तर टक्के महिला रक्तक्षयाच्या विळख्यात’ ही बातमी मी इतक्यांदा वाचलीय की आता आधी तळाला कुठल्या पद्धतीने मोजलं ते शोधतो. ते कधी लिहिलेलं नसतं.

प्रबंध असेल तर शिरेतलं रक्त, दुसरा विचार नाही. गाईडने ‘आपल्या डिपार्टमेंटला मीटर पडून आहे’ म्हटलं तरी. विशेषतः आधी-नंतर असा अभ्यास असेल तेव्हा. सुरुवातीला बोट आणि सहा महिन्यांनी शीर असं केलं, तर वाढ गोळ्यांनी झाली की सुईने, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याहून आतली गोम वेगळीच आहे. तुम्ही थेंबावर मोजून बाराच्या खालच्या मुली निवडल्या. त्यातल्या काहींचं खरं एचबी १२.३ होतं, चुकून ११.५ आलं म्हणून त्या यादीत आल्या. पुन्हा मोजलं की त्या आपोआप १२.३ कडे परतणार, गोळी घेवो न घेवो. मोजणी जितकी डुगडुगती तितकी ही फुकटची वाढ मोठी. म्हणून निवडीसाठी एक मोजणी करा, आणि सुरुवातीचा आकडा म्हणून दुसरी, वेगळी करा. तुलनेचा गट ठेवा. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

काहीही निवडलंत तरी सुरू करण्याआधी तीस जणींचं दोन्ही पद्धतींनी करून पाहा, एकाच बैठकीत. सरासरी फरक अर्ध्या ग्रॅमच्या वर गेला किंवा चार-पाच जणींत ग्रॅमभराहून मोठा निघाला तर टोचणाऱ्यांना पुन्हा शिकवायचं, शिबिर पुढे ढकलायचं. आकडे लिहिताना ११.८ चे १२ करू नका. आणि रजिस्टरला एक रकाना जास्त आखा: रक्त बोटातलं की शिरेतलं.