सहा चित्रं ‘विकली’ आणि ४५,५०० रुपये गेले

डिजिटल चित्रं काढणाऱ्यांना सध्या एक निरोप येतो. ‘तुमचं काम फार आवडलं. एनएफटी म्हणून घ्यायचंय. एका चित्राचे दीड इथर देईन.’ (एनएफटी म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीची ऑनलाइन नोंद, आणि इथर हे एक क्रिप्टो चलन.) मला तो मार्चमध्ये आला आणि पुढच्या अकरा दिवसांत माझे ४५,५०० रुपये गेले. झालं ते सगळं सांगते. तुमच्या घरात कोणी चित्रं काढत असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

मी बडोद्याची. सयाजीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. आजोबा सुट्टीत तिथे न्यायचे आणि मी त्या काचपेटीपासून हलायचे नाही. ते वेड गेलंच नाही. दोन वर्षांपासून मी ‘अमदुआत’ या प्राचीन इजिप्शियन ग्रंथावर चित्रमालिका करते आहे. सूर्यदेव रे मावळला की नौकेतून पाताळात शिरतो, रात्रीचे बारा तास पार करतो आणि पहाटे नव्याने जन्मतो, ही ती कथा. इजिप्तमधल्या राजांच्या दरीत तिसरा थुतमोस या राजाच्या थडग्यात ती भिंतभर रेखाटली आहे, काड्यांसारख्या बारीक आकृत्यांत, काळ्या-तांबड्या रेषांनी. जणू एखादा अवाढव्य पपायरस उलगडून भिंतीला चिकटवलाय.

मी टॅब्लेटवर काढते, पण रंग त्यांचेच ठेवते: गेरू, पिवळी माती, काजळी, मॅलाकाइटचा हिरवा आणि तांब्यापासून बनणारा इजिप्शियन निळा. उभ्या माणसाला तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन, ही त्यांच्या चित्रकारांची जाळी. ती मी सगळ्यात खालच्या थरावर आखून घेते. सातव्या तासाला, जिथे अपेप हा महासर्प नौकेची वाट अडवतो, मला तीन महिने लागले.

पाच चित्रं या तासांची होती. सहावं मृतांचा देव ओसायरिस याच्या न्यायसभेचं. एका पारड्यात मेलेल्या माणसाचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. हृदय पिसाहून हलकं लागतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ब्रिटिश म्युझियममधल्या आनीच्या पपायरसवर पाहा, पारडी समतोल आहेत. शेजारी अम्मित बसलेली: मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं धड, पाणघोड्याचं मागचं. हृदय खोटं ठरलं की ती ते गिळते. माझं सगळ्यात जीव लावून काढलेलं चित्र हेच.

त्या माणसाला सहाही चित्रं हवी होती, सगळी एकाच भावाने. त्यातलं बाराव्या तासाचं नुसतं कच्चं रेखाटन होतं, रंगसुद्धा भरले नव्हते. त्यालाही दीड इथर! मी तिथेच थांबायला हवं होतं. खरं गिऱ्हाईक विचारतं: फाइल केवढी आहे, छापली तर किती मोठी करता येईल, हक्क कोणते देणार, आधी कोणाला विकलंय का. याने यातलं एकही विचारलं नाही. ‘तुमचे रंग बोलतात’ एवढंच पुन्हा पुन्हा.

त्याने एका वेबसाइटचा दुवा पाठवला. मोठ्या बाजारपेठांवर गर्दी असते, आपण इथेच खरेदी करतो, म्हणाला. साइट देखणी होती. चित्रं चढवली, तर ‘मिंट’ करायला, म्हणजे त्यांचे एनएफटी बनवायला, गॅस फी (व्यवहार नोंदवण्याचं शुल्क) मागितली, १४,५०० रुपये. साइटचा ‘भारतातला प्रतिनिधी’ म्हणून एक यूपीआय आयडी दिला. नाव कोणा साध्याशा माणसाचं, कंपनीचं नाही. मी भरले. वीस मिनिटांत सहाही चित्रांवर ‘विकले’ असा शिक्का आणि माझ्या खात्यात नऊ इथर! त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. आईला फोन करून उठवलं.

पैसे काढायला गेले तर ‘पाकीट पडताळणी’. ३१,००० रुपयांचं इथर एका पत्त्यावर पाठवा, रकमेसोबत परत मिळेल. तेही पाठवलं. मग आला कर. ‘भारतात ३० टक्के कर आहे, त्यातले ६०,००० आधी जमा करा.’ मेख इथे आहे. क्रिप्टो आणि एनएफटीच्या नफ्यावर ३० टक्के कर १ एप्रिल २०२२ पासून खरोखरच आहे, म्हणून ते ऐकायला खरं वाटतं. पण तो कर आपण आपल्या विवरणपत्रात सरकारला भरतो, कुठल्या वेबसाइटला नाही. आणि जो १ टक्का टीडीएस आहे तो पैसे देणाऱ्याने देताना कापायचा असतो.

मी सोनं गहाण ठेवायच्या विचारात होते. मामेभाऊ बँकेत आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, “अगं, पैसे तो तुला देणार ना? मग प्रत्येक वेळी तूच का भरतेयस?” त्याने माझ्यासमोर साइटच्या नावाची नोंदणी तपासली. पाच आठवड्यांपूर्वीची. मग ईथरस्कॅनवर, म्हणजे इथरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, शोधलं. खरी विक्री झाली तर ब्लॉकचेनवर, म्हणजे या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, नोंद होते आणि ती कोणालाही, फुकट पाहता येते. माझ्या नऊ इथरची कुठेच नोंद नव्हती. तो नुसता पडद्यावर लिहिलेला आकडा होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पण अकरा दिवस उलटले होते. यूपीआयचे पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते, आणि पाठवलेलं इथर उलटं फिरवता येत नाही. पहिल्या तासात फोन केला तर पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता असते, तेव्हा लाजून दिवस घालवू नका. मी लाजेनेच घालवले. आणि कुठे जाहीर लिहिलंत, तर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे येतील. मला दोन दिवसांत चार आले. चौघांनीही आधी फी मागितली.

इजिप्तच्या ‘मृतांचा ग्रंथ’ याच्या १२५व्या प्रकरणात माणूस त्या न्यायसभेत सांगतो की मी हे केलं नाही, ते केलं नाही. त्यात ‘तराजूच्या वजनात भर घातली नाही’ हेसुद्धा आहे. आपण ज्याला मापात पाप म्हणतो ते तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे खून-चोरीच्या पंगतीला बसवलं होतं. ती ओळ मी चित्राच्या कडेला चित्रलिपीत काढली होती. त्याच चित्रावर हे व्हावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका मुलीचा निरोप आला. ती शिकतेय, पौराणिक चित्रं काढते. तिलाही तसाच माणूस भेटला आणि त्याने विश्वास बसावा म्हणून न्यायसभेचं माझं चित्र दाखवलं: ‘या भारतीय चित्रकर्तीला मी नऊ इथर दिले.’ तिने ते चित्र इंटरनेटवर उलटं शोधून (रिव्हर्स इमेज सर्च) मला गाठलं, म्हणून ती वाचली. तेव्हा अम्मितच्या मागे इजिप्शियन निळ्या रंगाची पट्टी आणि डाव्या कडेला चित्रलिपीची एक ओळ असलेलं चित्र कोणी तुम्हाला दाखवलं, तर ते विकलं गेलेलं नाही. ते माझ्याकडेच आहे, जाळीच्या थरासकट.