काळा पेला की पांढरा: उन्हात कुणाचं पाणी जास्त तापतं?

स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. एकाला बाहेरून काळा कागद गुंडाळा, दुसऱ्याला पांढरा. दोन्हींत मोजून 200 मिली पाणी, वर पुठ्ठ्याचं सारखंच झाकण. सकाळी 11 वाजता उन्हात शेजारी-शेजारी ठेवा आणि दर 10 मिनिटांनी तापमान लिहा.

ऊन दोघांवर सारखंच पडतं. पांढरा कागद त्यातला बराचसा प्रकाश सगळ्या दिशांना परत फेकतो. म्हणून तर उन्हात त्याच्याकडे बघताना डोळे दिपतात. काळा कागद बहुतेक प्रकाश शोषतो आणि त्या प्रकाशाची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात उतरते. तासाभरात काळा पेला पुढे गेलेला दिसतो. पण काळा रंग स्वतः उष्णता तयार करत नाही. हेच पेले सावलीत ठेवून बघा, फरक जवळजवळ उरत नाही.

उन्हातही फरक पडला नाही, तर आधी कागद तपासा. तो सैल असेल तर मधली हवा उष्णता अडवते. झाकण विसरलात, तर वाफ होऊन पाणी गार होत राहतं. तापाचा थर्मामीटर इथे कुचकामी, तो साधारण 35 ते 42 अंशांपुरताच; प्रयोगशाळेतला घ्या.