न्यूयॉर्कचे टेनेमेंट म्युझियम: एका ज्यू बिऱ्हाडाचा इतिहास कसा जपला जातो

न्यूयॉर्कला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे लिबर्टीचा पुतळा आणि एलिस आयलंड पाहून परततात. एलिस आयलंडवर स्थलांतरितांची तपासणी आणि नोंद होत असे. पण तिथून शहरात आलेली माणसे राहिली कुठे, त्यांनी भाडे कसे भरले आणि त्यांच्या नातवंडांना आजी-आजोबांविषयी नेमके काय ठाऊक उरले, हे जाणून घ्यायचे असेल तर मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या टेनेमेंट म्युझियमची मार्गदर्शित फेरी घ्यावी. टेनेमेंट म्हणजे भाडेकरू बिऱ्हाडांची चाळवजा इमारत. तिथल्या फेऱ्या आयरिश, इटालियन, कृष्णवर्णीय अमेरिकन, पोर्तो रिकन आणि चिनी कुटुंबांविषयीही असतात. मी इथे मुख्यतः ज्यू कुटुंबांच्या घरांविषयी लिहीत आहे, कारण सामान्य कुटुंबाचा इतिहास पिढ्यानपिढ्या कसा टिकवावा याचा इतका प्रामाणिक नमुना मी दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयात पाहिलेला नाही.

संग्रहालयाची मूळ, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही इमारत लुकास ग्लोकनर या जर्मन स्थलांतरिताने १८६३ साली बांधून घेतली. प्रत्येक बिऱ्हाडाला तीन खोल्या आणि सुमारे ३२५ चौरस फूट जागा मिळे, आणि शौचकूप मागच्या अंगणात असत. १९०१ च्या कायद्याने घरमालकांवर सक्ती केल्यावरच शौचालये इमारतीच्या आत आली. १९३५ साली आगीपासून संरक्षणाच्या नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त्या करण्याऐवजी मालकाने भाडेकरूंना बाहेर काढले, तळाची दुकाने चालू ठेवली आणि वरचे मजले बंद केले. ते १९८८ पर्यंत तसेच राहिले. त्या वर्षी रूथ एब्राम आणि अनिता जेकबसन यांना ही जागा सापडली आणि संग्रहालय सुरू झाले. दरम्यानच्या काळात कोणी रंगरंगोटी केली नाही, कोणी भिंती पाडल्या नाहीत. म्हणूनच काही भिंतींवर कागदाचे एकावर एक सुमारे वीस थर अजून आहेत. सुमारे ७,००० माणसे या एका इमारतीत राहून गेली, असा संग्रहालयाचा अंदाज आहे.

या सगळ्यांत रोगार्शेव्स्की कुटुंबाचे घर मला सर्वांत मोलाचे वाटते. एब्रॅहम आणि फॅनी हे लिथुएनियातल्या तेल्झ गावचे दांपत्य १९०१ साली अमेरिकेत आले, आणि १९१० च्या सुमारास सहा मुलांसह या इमारतीत राहत होते. एब्रॅहम कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करत असे. १९१८ साली तो क्षयाने गेला. शिवणकामाच्या कोंदट जागांत राबणाऱ्या माणसांमध्ये हा आजार इतका पसरलेला होता की त्याला शिंप्यांचाच रोग म्हणत. नवरा गेल्यावर फॅनीने घरमालकाशी बोलून इमारतीच्या झाडलोटीचे आणि देखभालीचे काम पत्करले आणि भाड्याचा प्रश्न सोडवला. १९३५ साली बाकीची बिऱ्हाडे गेली तरी ती राहिली, १९४१ पर्यंत. पुढे कुटुंबाचे आडनाव आटोपशीर होऊन रोझेन्थल झाले. एखाद्या पणतवंडाने जुन्या आडनावाने शोध घेतला असता तर नव्याकडे येणारी वाट दिसली नसती, आणि नव्याने घेतला असता तर तेल्झकडे जाणारी. जनगणनेचे तक्ते, मृत्यूचे दाखले आणि वंशजांच्या मुलाखती एकमेकींना लावून संग्रहालयाने ही वाट जोडली आहे.

पण फॅनीविषयीची सर्वांत जिवंत आठवण तिच्या स्वतःच्या कुटुंबाकडून आलेलीच नाही. १९२८ ते १९३५ या काळात याच इमारतीत सिसिलीहून आलेले बाल्डिझ्झी हे कॅथलिक कुटुंब राहत होते, आणि त्यांची मुलगी जोसेफीन हिने म्हातारपणी संग्रहालयाला आपल्या आठवणी सांगितल्या. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि धर्मनिष्ठ ज्यू माणूस दिवा लावत नाही. तेव्हा फॅनी या मुलीला खुणेने बोलावी आणि ती येऊन दिवा लावून जाई. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्रताचा कडकपणा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कुटुंबाचा इतिहास गोळा करणारे आपण सगळे नातलगांनाच विचारत बसतो. शेजारच्या घरातली लहान मुलगी आपल्या आजीविषयी काही सांगू शकेल, हे आपल्या मनातही येत नाही. जोसेफीनला कोणी विचारले नसते तर ही गोष्ट तिच्याबरोबर गेली असती.

कुठे पुरावा संपतो आणि कुठे अंदाज सुरू होतो हे उघड राहते, म्हणून या फेरीवर विश्वास बसतो. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातून आलेल्या नॅटली गुम्पर्ट्झचा नवरा ज्युलियस १८७४ साली, आर्थिक मंदीच्या काळात, घरातून निघून गेला आणि परत आला नाही. नॅटलीने शिवणकाम करून मुलींना वाढवले. ही कथा आपल्यापर्यंत पोहोचण्याचे कारण अगदी रुक्ष आहे. १८८३ साली ज्युलियसला वडिलांकडून सहाशे डॉलरचा वारसा आला आणि तो मिळावा म्हणून नवऱ्याला मृत घोषित करा, असा अर्ज नॅटलीने न्यायालयात केला. तो अर्ज दफ्तरात राहिला. ज्युलियस कुठे गेला याचे उत्तर त्यात नाही, आणि ते उत्तर रचून सांगण्याचा मोह इथे टाळलेला आहे. पोलंडमधल्या प्लॉन्स्कहून आलेल्या हॅरिस आणि जेनी लेव्हाइन यांनी आपल्या तीन खोल्यांतच कपडे शिवण्याचा उद्योग मांडला होता. हा उद्योग आज समजतो तो कारखाना निरीक्षकाच्या अहवालामुळे, म्हणजे सरकारने संशयाने ठेवलेल्या नोंदीमुळे.

कॉन्फिनो कुटुंबाचे घर मुलांसाठी उत्तम आहे. आज ग्रीसमध्ये असलेल्या कास्तोरियाहून आलेल्या या सेफार्डी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू परंपरेतल्या, कुटुंबाची भाषा लादिनो ही स्पॅनिशवर आधारलेली ज्यू बोली होती. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणाऱ्या वस्तीत त्यांना ज्यू म्हणून सहज ओळखले जात नसे, हा मुद्दा मराठी बोलणारे बेने इस्राएल ठाऊक असलेल्या वाचकाला विशेष भावेल. शेजारच्या १०३ ऑर्चर्ड स्ट्रीटमध्ये २०१७ साली उघडलेल्या दालनात एपस्टाइन कुटुंबाचे १९५० च्या दशकातले घर आहे. काल्मन आणि रेजिना हे पोलंडचे ज्यू, नाझी संहारातून वाचलेले. मागे राहिलेले सारे नष्ट झाले असताना नव्या घरातल्या मुलींनी पाहिलेले आणि आठवलेले हेच मुख्य साधन ठरते.

सगळ्याच खोल्या सजवलेल्या नाहीत, काही जशा सापडल्या तशाच पडक्या अवस्थेत राखल्या आहेत, हा निर्णय मला फार योग्य वाटतो. उभ्या केलेल्या घरातली भांडी आणि पलंग त्या काळचे असले तरी त्या कुटुंबाचेच असतील असे नाही. सोललेल्या भिंती मात्र त्यांच्याच आहेत. रोगार्शेव्स्कींचे घर पूर्वी एब्रॅहमच्या मृत्यूनंतरच्या शिवाच्या, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाच्या, मांडणीत दाखवत. नंतर ती मांडणी बदलली. मला जुनी कल्पना अधिक पटते, कारण सुतकात घर कसे मांडायचे हे परंपरेनेच ठरवलेले असते आणि तिथे कल्पनेला कमी वाव राहतो. एका फेरीत एक-दोनच घरे दिसतात, म्हणून सगळ्या ज्यू घरांची साखळी एका भेटीत उलगडत नाही. वेळ असेल तर दोन फेऱ्या घ्याव्यात.

संग्रहालयाचा ‘युवर स्टोरी, अवर स्टोरी’ हा उपक्रमही वापरून पाहावा. स्थलांतराशी जोडलेली घरातली एखादी वस्तू आणि तिची गोष्ट यात कोणालाही नोंदवता येते. कोकणातून मुंबईला आणि तिथून इस्राएलला किंवा अमेरिकेला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांसाठी ही सोय विशेष उपयोगी आहे. रोहेकर, पेणकर, नवगावकर या आडनावांत त्यांचे मूळ गाव अजून शाबूत आहे. शब्बाथची भांडी, मराठीत लिहिलेली पत्रे, लग्नातले मेंदीचे फोटो या वस्तूंवर आजी काय म्हणत असे, हे मात्र ती सांगणारी असतानाच लिहून घ्यावे लागेल.

जाण्यापूर्वी संकेतस्थळावर आरक्षण करावे, कारण ९७ क्रमांकाची घरे मार्गदर्शकाविना पाहता येत नाहीत, गट लहान असतात आणि फेऱ्यांचे विषय बदलत असतात. एका फेरीला साधारण तासभर लागतो. जुन्या इमारतीत लिफ्ट नाही आणि जिने अरुंद व अंधारे आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी १०३ क्रमांकातली, लिफ्टची सोय असलेली एपस्टाइन घराची फेरी निवडावी. स्वागतकक्ष आणि पुस्तकांचे दुकानही तिथेच आहे. डेलान्सी स्ट्रीटचे भुयारी रेल्वे स्थानक जवळच लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने रोगार्शेव्स्कींच्या घराची फेरी घ्यावी आणि नंतर चालत जाऊन १८८७ साली उघडलेले एल्ड्रिज स्ट्रीटचे सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, पाहावे.