स्टुडंट व्हायोलिन संच : शिकवणीतल्या दहा महिन्यांनंतर

वाद्य, गज (तारांवर फिरवायचा बो), गजाला चोळायची राळ आणि केस, म्हणजे वाद्य ठेवायची पेटी, असा पाच-सहा हजारांत मिळणारा संच. घरगुती शिकवणीत १/४, १/२ आणि ४/४ (पूर्ण आकार) अशा तीन मापांत लहान-मोठ्यांनी दहा महिने रोज वापरला. लाकूड आणि जोडकाम ठीक आहे. पण केसमधून काढलं आणि तसंच मुलाच्या हातात दिलं, असं मात्र करू नका.

खरा दोष घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजचा. फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या काळ्या फळीच्या) घोडीकडच्या टोकाशी पट्टी उभी धरून मोजलं तर ४/४ मध्ये ई तार (सर्वांत बारीक) ५ मिमी आणि जी तार (सर्वांत जाड) ७ मिमी वर होती. हवी साधारण ३.५ आणि ५.५. एवढी उंच तार दाबायची म्हणजे मूल अंगठ्याने वाद्याची मान आवळतं, मनगट आत कोसळतं आणि महिन्याभरात खोड पक्की होते. "मनगट सरळ ठेव" असं कितीही सांगा, चूक मुलाची नसतेच! घोडीची वरची कड कमान राखून तासून कमी करावी लागते. कमान सपाट झाली की गज एका वेळी दोन तारांना लागतो. घोडी तासण्यासाठी चारही तारा सैल कराव्या लागतात आणि ताण गेला की आतला साउंडपोस्ट (वाद्याच्या पोटात उभी असलेली लाकडी काडी) पडू शकतो. म्हणून हे काम कारागिराकडेच द्यावं. घरी तारा बदलताना एकेकच बदलावी.

सुरात लावताना तारा ओढल्या जातात तशी घोडी हळूहळू फिंगरबोर्डकडे कलते. आठवड्यातून एकदा बाजूने बघा. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात त्या भागाकडची) बाजू काटकोनात उभी हवी आणि पाय एफ-होलच्या (इंग्रजी f च्या आकाराच्या भोकांच्या) आतल्या खाचांच्या रेषेत. दुर्लक्ष केलं तर ती एक दिवस धाडकन आडवी होते.

बोट कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या, फिंगरबोर्डवर चिकटवायच्या पट्ट्या तयार मिळतात, पण मापागणिक जागा बदलते, त्यामुळे स्वतः मोजून चिकटवलेल्या बऱ्या. नटपासून (खुंट्यांकडे तारा टेकतात त्या छोट्या पट्टीपासून) घोडीपर्यंतची लांबी घ्या. मोकळी तार सा धरली तर नटपासून रे लांबीच्या एक-नवमांश, शुद्ध ग एक-पंचमांश आणि म एक-चतुर्थांश अंतरावर. ३२५ मिमीच्या तारेवर हे ३६, ६५ आणि ८१ मिमी येतं. पाश्चात्त्य परीक्षा देणाऱ्यांना ग किंचित चढा, ६७ च्या आसपास लागतो. ए तारेवर तिसरं बोट अचूक पडलं की शेजारची मोकळी डी तार आपोआप थरथरते. मुलांना ती थरथर डोळ्यांनी दाखवा. पट्ट्या लवकर सुटतात.

पहिल्या दिवशी बहुतेकांची तक्रार एकच, "आवाजच येत नाही." नव्या गजाला राळ नसते आणि राळेची वडी काचेसारखी गुळगुळीत असते. तिच्यावर सँडपेपर फिरवून मग गजाचे तीस-चाळीस हात मारा. पुढे रोज चार-पाच पुरतात. वाजवून झालं की गज सैल करायचाच.

पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसल्या. पकड अजिबात लावू नये, खुंटीचं डोकं तुटतं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर फरक पडला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसं उलटं: खुंट्या सुटायला लागल्या. खुंटीला खडू चोळून, फिरवताना आत दाबत फिरवायची आणि तारेचे वेढे खुंटीपेटीच्या भिंतीला टेकतील असे घ्यायचे. टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) आहेत, ही या संचातली सर्वांत उपयोगी गोष्ट. सहा-सात वर्षांच्या मुलालाही त्यांच्यावर सूर लावता येतो.

शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकवायचा आधार) फोमचा आहे, सरकतो, उभं राहून वाजवणाऱ्यांना बदलावाच लागला. मांडी घालून, स्क्रोल (वाद्याचं वळणदार टोक) उजव्या पावलावर टेकवून हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणाऱ्या मोठ्या मंडळींना तो लागतच नाही. गजाचे केस दहा महिन्यांत एका बाजूने विरळ झाले. या किमतीत नवे केस भरून घेण्यापेक्षा दुसरा गजच घ्यावा.