कापडी डायपर : सांगलीत जवळपास वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमची मुलगी चार महिन्यांची झाल्यापासून आम्ही तिला दिवसा कापडी डायपर वापरत आहोत आणि आता ती सव्वा वर्षाची आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की कापडी डायपरमुळे पैसे निश्चित वाचतात. मात्र ते किती वाचतील हे घरात पाणी कोणते येते, कपडे वाळत घालायला जागा कुठे आहे आणि धुण्याचे काम नेमके कोणाच्या अंगावर पडते, यावर फार अवलंबून असते. जाहिरातींत या तिन्ही गोष्टींचा उल्लेख नसतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधीचा खर्च सांगतो. आमच्या विश्रामबागेतल्या घराजवळच्या मेडिकलमध्ये एकदा वापरून टाकायचा मध्यम मापाचा डायपर सुटा घेतला तर ₹१२ ते १५ ला पडत असे, आणि ऑनलाइन सवलतीत मोठा पॅक मागवला तर ₹१० च्या आसपास. दिवसाला पाच-सहा लागत, म्हणजे महिन्याला सुमारे ₹१,७०० केवळ यावर जात. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मुलांच्या डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; त्याने पाकिटाची किंमत थोडी उतरते, पण दिवसाला लागणारी संख्या उतरत नाही, आणि मूल वाढले की मोठ्या मापाचा प्रत्येक नग पुन्हा महाग होतो. दोघांच्या पगारातून घराचा हप्ता जात असताना ही रक्कम आम्हाला जाणवू लागली होती.

कापडी डायपर या एकाच नावाने निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि नव्या आईवडिलांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. आपला नेहमीचा नाडीचा लंगोट हाही कापडी डायपरच आहे. दुसरा प्रकार पॉकेट डायपरचा. त्यात बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेले जलरोधक कापड असते, आतून त्वचेला कोरडे वाटणारे पॉलिस्टरचे मऊ अस्तर असते आणि या दोहोंमधल्या खिशात शोषून घेणारी पट्टी सरकवायची असते, जिला इन्सर्ट किंवा सोकर म्हणतात. तिसऱ्या प्रकारात वरचे कव्हर वेगळे आणि सोकर त्याला टिचबटणांनी जोडायचा. ओला झाला की फक्त सोकर बदलता येतो आणि कव्हर पुसून पुन्हा वापरता येते. मोठ्या ब्रँडचा एक नग आम्हाला सवलतीतही सातशेच्या आसपास पडला, तर बाजारात साधे पॉकेट डायपर अडीचशे रुपयांनाही मिळतात. किमतीतला हा फरक बराचसा सोकरच्या कापडामुळे आणि शिलाईमुळे पडतो. स्वस्त डायपरबरोबर सहसा मायक्रोफायबरची पट्टी येते. ती ओलावा पटकन ओढते आणि लवकर वाळते, पण दाब पडला की तेच पाणी बाहेर सोडते. मुलगी पालथी असेपर्यंत त्या पट्ट्यांनी चांगले काम दिले. ती बसू लागल्यावर मांडीच्या कडेने गळती सुरू झाली. सुती किंवा बांबू-व्हिस्कोजचे सोकर हळू शोषतात, पण दाबाखाली ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे आम्ही स्वस्त कव्हरे तशीच ठेवली आणि त्यांच्यात सुती सोकर घालायला लागलो. शिवाय मायक्रोफायबर थेट त्वचेला लागू देऊ नये, कारण ते त्वचेतलाही ओलावा ओढून घेते.

सुती सोकर वापरायला काढण्यापूर्वी चार-पाच वेळा धुवावे लागतात. नव्या सुतात नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि तो निघून जाईपर्यंत कापड पाणी नीट पीत नाही. पहिल्याच दिवशी गळाले म्हणून डायपर परत पाठवणारे बरेच लोक एवढी वाट पाहत नाहीत.

या सर्वांत पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला तो लंगोटच. माझ्या आईने इचलकरंजीहून मऊ मलमलचे कापड आणले, त्यात तिच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे घातले आणि ओळखीच्या शिंप्याकडून चौकोनी, चार पदरी लंगोट शिवून घेतले. सकाळी घरात सगळे असताना, फरशी पुसता येण्याजोगी असताना, मुलगी लंगोटातच असते आणि ओला झाला की लगेच बदलला जातो. आई तिला ठरावीक वेळांना, विशेषतः झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर, पाय लांब करून बसते आणि पायांवर धरून शी-शू करवते. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिच्यामुळे दिवसाचे निदान दोन डायपर कमी लागतात. कोणत्याही ब्रँडच्या हिशेबात न येणारी ही बचत आहे. डायपरने मुलाचे पाय फेंगडे होतात ही शंका आमच्याकडेही काढली गेली. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले की तान्ह्या मुलांचे पाय मुळातच थोडे वाकलेले असतात आणि साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात. जाड लंगोटाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता पाण्याविषयी, कारण सांगलीत हा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या इमारतीत महापालिकेचे कृष्णेचे पाणी ठरावीक वेळी येते आणि उरलेल्या वेळी बोअरचे वापरावे लागते. बोअरचे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी खर धरते. या पाण्यात धुतलेले सोकर काही आठवड्यांत कडक होतात, कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून धाग्यांत साचतात. मग कापडाची शोषण्याची शक्ती घटते आणि धुतलेले डायपरही ओले होताच अमोनियाचा उग्र वास मारू लागतात. हा वास लघवीतल्या युरियाचे जिवाणूंनी विघटन केल्यामुळे येतो आणि धाग्यांत साबणाचा थर असेल तर जिवाणूंना तिथे आयताच आसरा मिळतो. यावर वास घालवणारी महाग द्रव्ये विकली जातात. आम्हाला त्यांची गरज पडली नाही. डायपरचे धुणे नळाच्या पाण्याच्या वेळेला बांधून घेतले, बोअरचेच पाणी वापरावे लागले तर त्यात एक चमचा धुण्याचा सोडा टाकला आणि शेवटी एकदा जास्त खंगाळले, एवढ्याने वास गेला. कपडे मऊ करणारे कंडिशनर मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते धाग्यांवर थर चढवते आणि कापड पाणी घेईनासे होते. पुरळाचे मलम लावले असेल तेव्हाही मध्ये पातळ मलमलचा तुकडा किंवा लायनर ठेवावा. मलमाचा तेलकटपणा सोकरमधून सहजी निघत नाही.

धुण्याचा क्रम असा आहे. मूल केवळ आईच्या दुधावर असते तोपर्यंत शी पाण्यात विरघळते आणि पहिल्या खंगाळण्यातच निघून जाते. वरचे अन्न सुरू झाले की परिस्थिती बदलते, आणि तेव्हा संडासातला जेट स्प्रे हे सर्वांत उपयोगी साधन ठरते. डायपर जागेवरच धुवून, पिळून, जाळीच्या टोपलीत कोरडा ठेवायचा. बादलीत रात्रभर भिजवून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने वास वाढतो आणि इलॅस्टिक लवकर सैल पडते. एक दिवसाआड मशिनचे धुणे लावतो. आधी थंड पाण्यात एकदा, मग पुरेसा डिटर्जंट घालून पूर्ण वेळाचे. कव्हरे उकळू नयेत आणि त्यांवर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने पीयूएलचा थर कापडापासून सुटतो. लंगोट आणि सुती सोकर मात्र गरज पडल्यास खुशाल उकळावेत. ऊन हा सर्वांत चांगला आणि फुकटचा उपाय आहे. वरणभाताच्या हळदीपासून गाजराच्या पेजेपर्यंत कशाचेही पिवळे डाग ओला सोकर उन्हात टाकला की फिके पडत जातात. सांगलीच्या एप्रिलमध्ये दोन-तीन तासांत सगळे कडकडीत वाळते.

पावसाळ्यात हेच गणित उलटते. जुलैत आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा जाड बांबूचा सोकर पंख्याखालीही दुसऱ्या दिवशी दमटच लागतो, आणि दमट सोकर वापरणे म्हणजे पुरळाला आमंत्रण देणे. जुन्या घरांत शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी वाळवत, धुरी देत. बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवून तसे करणे धोक्याचे आहे आणि मी ते कोणालाही सुचवणार नाही. आम्हाला उपयोगी पडले ते उलगडणारे सोकर. लांब पट्टी असते, वापरताना तिची तीन घड्यांची जाडी होते आणि वाळताना ती एकपदरी राहते. पावसाळ्याच्या तोंडावर खरेदी करणाऱ्याने आधी हेच पाहावे. तरीही त्या दोन महिन्यांत बाजारातले डायपर आम्हाला जास्त लागले आणि पुढच्या हिशेबात मी ते धरले आहेत. महापुराचा अनुभव असलेल्या आपल्या शहरात एक पॅक घरात राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती, आणि वीज व नळ दोन्ही बंद असताना कापडी डायपर धुणार कसे?

रात्रीसाठी आम्ही अजूनही बाजारातलाच डायपर वापरतो. त्यातले सोडियम पॉलिअॅक्रिलेट ओलाव्याची जेल करून धरून ठेवते आणि आठ-नऊ तास मूल शांत झोपते. कापडीत दोन सोकर घालूनही पहाटे बदलावे लागले. त्या एका डायपरच्या दहा रुपयांत सगळ्या घराची झोप राहते आणि तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही. तासगावला, पत्नीच्या माहेरी, एसटीने जातानाही तेच. पाळणाघरात कापडी डायपर घ्यायला सुरुवातीला नकार मिळाला. मग टिचबटणांचे, एका हाताने लावता येणारे डायपर आणि ओले ठेवायला चेनची जलरोधक पिशवी दिल्यावर तिथल्या ताई तयार झाल्या; धुण्याचे काम त्यांच्यावर पडणार नाही हे कळल्यावर त्यांचा विरोध उरला नाही.

आता पैशांचा हिशेब. सवलतीत घेतलेले चांगल्या ब्रँडचे आठ डायपर सुमारे ₹५,५००, साधे सहा ₹१,५००, जादा सुती सोकर, लंगोटांचे कापड व शिलाई आणि पिशवी मिळून ₹१,५००. म्हणजे एकूण ₹८,५००. दर महिन्याला डिटर्जंट, वीज, रात्रीचे आणि प्रवासातले डायपर व पावसाळ्यातली भर यांची सरासरी ₹५५० च्या आसपास येते. आधीच्या ₹१,७०० मधून ते वजा केले तर महिन्याला ₹१,१५० उरतात आणि सुरुवातीची गुंतवणूक वसूल व्हायला सात-साडेसात महिने लागतात. आजच्या घडीला आम्ही चार हजार रुपयांच्या आसपास फायद्यात आहोत. जाहिरातीत दाखवतात ते तीस-चाळीस हजार मला कुठेही दिसले नाहीत, कारण तो आकडा काढताना बाजारातला सर्वांत महाग डायपर धरलेला असतो आणि धुण्याचा व रात्रीचा खर्च सोडून दिलेला असतो. पुन्हा हाच हिशेब मांडायचा झाला तर महाग डायपर चारच घेऊन बाकी रक्कम सुती सोकरवर खर्च करणे अधिक किफायतशीर पडेल, असे मला वाटते.

या हिशेबात श्रमांची किंमत धरलेली नाही आणि मला ती बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. एक दिवसाआड धुणे, वाळत घालणे, घड्या करणे, सोकर खिशात सरकवून ठेवणे, यात रोजचा अर्धा तास सहज जातो. तो अर्धा तास बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईवर किंवा गुडघे दुखणाऱ्या आजीवर टाकून वाचवलेल्या रकमेला मी बचत म्हणणार नाही. आमच्या घरी हे धुणे पहिल्यापासून माझ्याकडे आहे. ज्या घरात ते कोण करणार हे आधी ठरलेले नाही, तिथे महिनाभरात सगळे डायपर कपाटात जातात. आमच्या परिचितांपैकी दोन घरांत तसेच झाले.

पुरळाबाबत अतिशयोक्ती नको. कापड घातले म्हणून पुरळ येत नाही असे नाही. ओले कापड दोन तास राहिले तर त्वचा लाल होऊ शकते. फरक एवढाच की कापडी डायपर ओला झालेला लगेच कळतो, म्हणून तो लवकर बदलला जातो. बुरशीजन्य पुरळ झाल्यास डॉक्टरांचे औषध चालू असेपर्यंत सगळे सोकर उकळून कडक उन्हात वाळवावेत.

कचऱ्याचा मुद्दा आमच्यासाठी दुय्यम होता, पण आता तो मनाला लागतो. आधी रोज घंटागाडीत पाच-सहा डायपरची पुडकी जात, आता एक जाते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर नीट गुंडाळून ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्यायचे असतात; ज्या हातांना तो कचरा वेगळा करावा लागतो त्यांच्यासाठी एवढे तरी करायलाच हवे. कापडी डायपर आपोआप पर्यावरणाला चांगले ठरतात, असे मात्र नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालात एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापरासाठी दोन्हींचे कार्बन उत्सर्जन जवळपास सारखे निघाले होते, एकदा वापरून टाकायच्या डायपरचे सुमारे ५५० किलो आणि कापडीचे सुमारे ५७० किलो. पूर्ण भरलेल्या मशिनमध्ये धुऊन, दोरीवर वाळवून आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरून ते सुमारे २०० किलोंनी खाली येते. दोरीवर वाळवणे आपल्याकडे सहज होते. दुसऱ्या मुलाचे म्हणाल तर माझ्या बहिणीने आतापासूनच आमच्या लहान मापाच्या लंगोटांवर हक्क सांगितला आहे.

वर्षभराच्या धुण्यानंतर वस्तूंची स्थिती अशी आहे. लंगोट विरळ झाले आहेत पण पहिल्यापेक्षा मऊ आहेत. सुती सोकर उत्तम आहेत. महाग डायपरची टिचबटणे आणि जलरोधक थर शाबूत आहेत. स्वस्तांपैकी दोघांचा थर सुटला आणि उरलेल्यांचे मांडीचे इलॅस्टिक सैल झाले. थर सुटलेले डायपर टाकावे लागले, पण सैल इलॅस्टिक आमच्या शिंप्याने नगाला ₹३० घेऊन बदलून दिले आणि ते डायपर आज पुन्हा वापरात आहेत.