ज्येष्ठांचा बँड, माझा ट्रम्पेट आणि तुरीएवढं बूच : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय, ताऱ्यांसकट

24 जानेवारीच्या संध्याकाळी, झेंडावंदनाला जेमतेम दीड दिवस उरलेला असताना, माझा ट्रम्पेट फुसफुसायला लागला. तोंडाने फुंकायचं पितळी वाद्य, मेरठचा माल, सूर बदलायला बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व्ह, मूळ सूर बी फ्लॅट. बिघाड होता पाण्याच्या चावीत. पुढच्या वळणाखाली ती स्प्रिंगची छोटी चावी असते ना, आत साचलेलं पाणी काढायची? तिच्या टोकाचं तुरीच्या दाण्याएवढं बूच गळून पडलं होतं. साडेसहा हजारांचं वाद्य, आणि बूच डिंकाच्या एका थेंबावर!

दुकानाला फोन केला. "वॉरंटीत बूच येत नाही." मग काय येतं? "बॉडी." अहो, बॉडी पितळेची, तिला काय धाड भरणार? कुरिअरने पाठवा, नऊशे रुपये, पंधरा दिवस लागतील. मी जन्मभर लेखा विभागात दुसऱ्यांची बिलं तपासली. असं बिल लाल शाईने परत पाठवलं असतं.

आता बँडबद्दल, कारण लोक विचारतात ते त्याचंच. आम्ही अठरा जण, सगळ्यात धाकटे एकसष्टचे. वाद्य कधी हातात न धरलेल्या पन्नाशीपुढच्यांचे असे बँड रॉय अर्न्स्ट या प्राध्यापकांनी 1991 साली अमेरिकेत रॉचेस्टरला सुरू केले. आमचे संयोजक हे दर बैठकीत सांगतात, वर त्यांचं म्हणणंही ऐकवतात : आपल्या परीनं जमेल तेवढं उत्तम, ते पुरेसं. मला ही शुद्ध पळवाट वाटली होती.

शिकवायला लातूरच्या गंजगोलाईजवळचे वरातीच्या बँडचे मास्तर. आषाढात लग्नं बंद, मास्तर मोकळे, आठवड्याला तीन तालमी. तुळशीचं लग्न लागलं की मास्तर गायब. वर्गणी मात्र बारा महिन्यांची. याचा एक तारा मी कापलाय.

पहिला महिना नुसते ओठ थरथरवण्यात गेला. कवळी असेल तर ट्रम्पेटच्या वाटेला जाताना विचार करा. आमचे एक निवृत्त बस कंडक्टर कवळी सांभाळून थकले आणि युफोनियमकडे, म्हणजे ट्रम्पेटहून मोठ्या, खर्जातल्या पितळी वाद्याकडे वळले. त्याचं फुंकायचं तोंड मोठं, ओठांवर दाब कमी. काचबिंदू असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, वरचे सूर जोरात फुंकताना डोळ्यातला दाब वाढतो. आणि भजनी मंडळात मिरवायचा बेत असेल तर तो सोडाच. ट्रम्पेटच्या कागदावर सी लिहिलेला असतो, वाजतो मात्र बी फ्लॅट, म्हणजे पेटीची काळी पाच. मी सुरुवात केली की आमचे बुवा पेटीचा भाता लावून टाकतात.

एक कबुली देऊन टाकतो. व्हॉल्व्हचं तेल महाग वाटलं म्हणून मी खोबरेल घातलं होतं. डिसेंबरच्या पहाटे ते थिजलं आणि तिन्ही पिस्टन जागीच रुतून बसले. तो दोष ट्रम्पेटचा नाही. बुचाचा मात्र आहे, आणि ते मी विसरणार नाही.

इथवर 25 तारखेला दुपारी चिडून लिहिलं होतं. पुढचं मार्चमध्ये लिहितोय.

त्याच रात्री मास्तर एका वरातीतून थेट घरी आले, अंगात अजून तो लाल झालरीचा कोट. वाद्य कानाजवळ धरून म्हणाले, "काका, तुम्ही फुकूलालाव जोरात, पण हवा खालूनच जाऊलालीय." मग माझी इन्सुलिनची रिकामी बाटली मागितली. ब्लेडने तिच्या रबरी बुचाची चकती कापली, चिकटवली, सुकेपर्यंत वर रबरबँड गुंडाळला. खर्च शून्य.

सव्वीसला दोन धून वाजवल्या. दुसरीत मी एक ओळ गाळली, शेजारच्या गुरुजींनी एक जास्तीची वाजवली. हिशोब जुळला. तेव्हापासून त्या अर्न्स्टसाहेबांच्या म्हणण्यावर मी फारसा बोलत नाही.

चावी दाबल्यावर फरशीवर जे पडतं त्याला घरची मंडळी थुंकी म्हणतात. बरीचशी ती श्वासातली वाफच, पितळेवर जमून पाणी झालेली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं गाव आमचं, आणि इथं तालमीला दोन चमचे पाणी सांडतं म्हणून बोलणी खावी लागतात. घरून जुना पंचा नेत जा.

तर तारे : दुकानाला शून्य. ट्रम्पेटला जानेवारीत दोन दिले होते, आता साडेतीन. बँडला चार, तो कापलेला एक मास्तरांना माणूस म्हणून परत देतोय, वर्गणीबाबत नाही.

रबराची चकती अजून टिकून आहे. रिकाम्या बाटल्या मी आता फेकत नाही. परवा आमच्या क्लॅरोनेटवाल्या बाईंनीही दोन मागून नेल्या. क्लॅरोनेटला पाण्याची चावीच नसते, मग त्यांना त्या कशाला हव्यात देव जाणे.