नवा व्हिनाइल टप: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

माझ्या जुन्या गाडीच्या पत्र्याच्या टपावर चिकटवलेलं व्हिनाइल, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं प्लास्टिकचं आवरण, बदलल्यावर आता एक कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा झाला. मागच्या काचेखालचे दोन्ही कोपरे कोरडे आहेत. या कामाची खरी परीक्षा तिथेच होते, म्हणून आधी तेच सांगतो.

गाडी 1970च्या दशकातली, दोन दारांची. त्या काळी आणि त्याच्या थोडं आधीपासून अमेरिकी कंपन्या असे टप हौसेने द्यायच्या. फोर्डने 1962 मध्ये थंडरबर्ड लँडाऊवर दिला, प्लिमथने 1969 मध्ये चक्क फुलाफुलांचा काढला. दिसायला देखणा, पण पत्र्याचा वैरी. उन्हाने व्हिनाइलमधला प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारा घटक) निघून जातो, शिवणीपाशी बारीक भेगा पडतात, पाणी आत शिरतं आणि खालचं कापडी अस्तर ते धरून ठेवतं. माझ्या टपावरून बोट फिरवलं की मागच्या काचेजवळ खडे असल्यासारखं लागायचं. तो फुगलेला गंज होता. व्हिनाइल सोलल्यावर कडेच्या क्रोमच्या पट्ट्यांच्या क्लिपा अडकवायचे खिळे हातात आले आणि कोपऱ्यात पत्रा आरपार गेलेला दिसला.

एका कारागिराचं म्हणणं, लांबी (पुटी) भरू आणि वरून नवं व्हिनाइल ओढून घेऊ. मी गाडी तिथून हलवली. दुसऱ्याने सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला, गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर मारला आणि वर रंगही दिला. झाकलं जाणार म्हणून रंग वाचवू नका, कृपा करून.

पुढचं काम त्या मानाने लवकर झालं. टपाची मध्यरेषा आखून आधी व्हिनाइलचा मधला भाग चिकटवला, म्हणून दोन्ही शिवणी पुढून मागेपर्यंत सरळ धावतात. काँटॅक्ट गोंद पत्रा आणि व्हिनाइल दोन्हींना लावून जरा सुकू दिला. तो जास्त उष्णता सोसणाराच हवा. भर उन्हात टपाला हात लावता येत नव्हता, तरी एक फुगा आला नाही. फक्त मागच्या खांबाच्या वळणावर हीट गन जास्त वेळ धरली गेली आणि तिथला व्हिनाइलचा दाणा (चामड्यासारखा खडबडीत पोत) सपाट झालाय. तिरप्या उजेडात ते दिसतं आणि मला खटकतं.

क्रोमच्या पट्ट्या जुन्याच, पण प्रत्येक खिळ्याभोवती नवं ब्यूटाइल सीलंट (पाणी अडवणारं रबरी लुकण) आहे. पाऊस थांबला की मी पट्टीखाली टिश्यूचं टोक सरकवून बघतो. आजवर कोरडंच निघालंय.

तुमच्या टपाचा नुसता रंग उडाला असेल, भेगा-फुगवटे नसतील, तर व्हिनाइलचा रंग मारून भागेल. भेगा मात्र रंगाने बुजत नाहीत.

धुताना सौम्य साबण आणि मऊ ब्रश. चकाकी आणणारी सिलिकॉनची पॉलिशं मी लावत नाही, पुढे त्यावर रंग धरत नाही. प्लास्टिकचं कव्हरही बंद केलं, त्यात ओल कोंडते. आता हवा खेळणारं कव्हर वापरतो, तेही टप पूर्ण सुकल्यावरच.